दिव्यांग निवृत्तीवेतनाचा अर्ज: कागद कोणत्या क्रमाने काढायचे आणि काम कुठे अडतं

तहसील कार्यालयात संजय गांधी योजनेच्या टेबलासमोर तासभर बसलं की तोच प्रकार पुन्हा पुन्हा दिसतो. माणूस पात्र असतो, पिशवीत कागदही सगळे असतात, पण ते चुकीच्या क्रमाने काढलेले असतात. उत्पन्नाचा दाखला सगळ्यात आधी काढलेला असतो. मग दिव्यांग प्रमाणपत्रासाठी जिल्हा रुग्णालयाचे हेलपाटे सुरू होतात, त्यात ३१ मार्च उलटतो आणि उत्पन्नाचा दाखला बाद होतो. नवा दाखला काढेपर्यंत आधार आणि प्रमाणपत्रावरचं नाव जुळत नाही असं कळतं. वर्ष जातं. त्या वर्षाचे पैसे कुणी परत देत नाही.

आमच्या वस्तीतल्या लोकांचे अर्ज भरून देताना ज्या चुका माझ्या हातूनही झाल्या, त्या टाळण्यासाठी हा क्रम लिहून काढला आहे. तो महाराष्ट्रासाठी आहे. गोव्यात दयानंद सामाजिक सुरक्षा योजना आहे, तिचे निकष वेगळे. तिथल्या नातेवाइकांनी सांगितलेले आकडे इथे लावू नका आणि इथले तिथे.

## आधी रक्कम आणि योजना समजून घ्या

गावात सगळ्याला सरसकट "पगार" म्हणतात. "तिला पगार चालू झाला, मला का नाही?" हा प्रश्न मी शंभरदा ऐकला असेल. त्या एका शब्दाखाली निरनिराळ्या योजना आहेत.

संजय गांधी निराधार अनुदान योजना. राज्याची योजना, ६५ वर्षांखालच्यांसाठी. दिव्यांग, विधवा, परित्यक्ता, अनाथ मुलं, कर्करोग, क्षयरोग, एड्स, कुष्ठरोग यांसारखे दुर्धर आजार असलेले, असे बरेच गट यात येतात.

श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तीवेतन योजना. ६५ आणि त्यापुढच्या निराधार वृद्धांसाठी.

इंदिरा गांधी राष्ट्रीय दिव्यांग निवृत्तीवेतन योजना. केंद्राची. वय १८ ते ७९, दिव्यांगत्व ८० टक्के किंवा जास्त आणि नाव दारिद्र्यरेषेखालच्या यादीत. केंद्राचा वाटा महिना ३०० रुपये, वरची भर राज्याची.

इंदिरा गांधी राष्ट्रीय वृद्धापकाळ निवृत्तीवेतन योजना. हीदेखील केंद्राची, दारिद्र्यरेषेखालच्या वृद्धांसाठी. केंद्राचा वाटा ८० वर्षांपर्यंत २०० रुपये आणि पुढे ५००. इथेही राज्य भर घालतं.

राज्याच्या दोन्ही योजनांची रक्कम जुलै २०२३च्या निर्णयाने १००० वरून १५०० रुपये झाली. सप्टेंबर २०२५मध्ये मंत्रिमंडळाने संजय गांधी आणि श्रावणबाळ योजनांतल्या दिव्यांग लाभार्थ्यांसाठी आणखी १००० रुपयांची वाढ मंजूर केली. त्यानुसार ऑक्टोबर २०२५पासून दिव्यांगांना महिना २५०० आणि इतरांना १५०० असा फरक आहे.

हा फरक नीट लक्षात घ्या, कारण आजची सगळ्यात महागडी चूक इथेच होते. एखादी बाई विधवा आहे आणि दिव्यांगही आहे. दहा वर्षांपूर्वी तिचा अर्ज "विधवा" म्हणून मंजूर झाला, कारण तेव्हा रक्कम सारखीच होती आणि पतीचा मृत्यू दाखला हाताशी होता. आज तिची नोंद विधवा गटात आहे, म्हणून खात्यात १५०० येतात. दिव्यांगत्व तिच्या शरीरात आहे, पण सरकारी यादीत नाही. अशांनी नवा अर्ज करायचा नसतो. यूडीआयडी कार्डाची (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, ते कसं काढायचं हे टप्पा ३मध्ये आहे) आणि आधारची प्रत जोडून नोंदीतला गट बदलण्यासाठी तहसीलमध्ये लेखी अर्ज द्यायचा असतो. दिव्यांग गटात असूनही १५००च येत असतील, तर यूडीआयडी क्रमांक यादीत भरलेला आहे का ते आधी विचारा.

थांबा: यांपैकी दोन योजना एकाच वेळी घेता येत नाहीत. मुख्यमंत्री लाडकी बहीण योजनेतही, शासनाच्या दुसऱ्या योजनेतून महिना १५०० किंवा जास्त घेणारी महिला बसत नाही. दोन्हीकडे नाव असेल तर ते लपवू नका, स्वतःहून एक सोडा. दिव्यांग बहिणीने कोणतं सोडावं हे २५०० आणि १५०० या आकड्यांवरूनच ठरतं.

## टप्पा १: पात्रता दहा मिनिटांत तपासा

कुठलाही कागद काढण्याआधी घरी बसून चार प्रश्न विचारा.

१. दिव्यांगत्व किमान ४० टक्के आहे का? दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये २१ प्रकार आहेत. हात-पाय, डोळे, कान एवढेच नाहीत. मानसिक आजार, बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता, पार्किन्सन, हिमोफिलिया, थॅलेसेमिया, सिकलसेल, ॲसिड हल्ल्यातले पीडित हेही त्यात आहेत.

२. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न मर्यादेत आहे का? संजय गांधी योजनेत दिव्यांगांसाठी ती ५०,००० रुपये आहे आणि इतर गटांसाठी २१,०००.

३. महाराष्ट्रात किमान १५ वर्षं वास्तव्य आहे का?

४. वय ६५च्या आत आहे की पुढे? त्यावरून योजना ठरते.

उत्पन्नाच्या मर्यादेबद्दल माझं मत स्पष्ट आहे. २१,००० म्हणजे महिन्याला १७५० रुपये. घरातलं एक माणूस आठवड्यातून दोन दिवस मजुरीला गेलं तरी ही रेषा ओलांडली जाते. मर्यादा वाढायलाच हवी. पण ती वाढत नाही तोवर खोटा दाखला काढू नका. पुढे पडताळणीत तो उघड झाला तर मिळालेली रक्कम वसुलीला निघते, आणि ती फेडणं कुणालाच झेपत नाही.

तपासा: एका डोळ्याची दृष्टी पूर्ण गेली असून दुसरा डोळा चांगला असेल, तर मूल्यमापनात ३० टक्के धरले जातात. तेवढ्यावर हे निवृत्तीवेतन मिळत नाही. "एक डोळा गेला म्हणजे ५० टक्के" या समजुतीवर कितीतरी लोक दिवस मोडून जिल्ह्याला जातात आणि रडवेले होऊन परततात. मात्र त्याच माणसाला पायाचंही दिव्यांगत्व असेल तर गणित बदलतं. ते टप्पा ३मध्ये आहे.

## टप्पा २: नाव एकसारखं करा

सुरुवात आधारपासून करा. यूडीआयडीचा अर्ज आधारवरून भरला जातो, बँक आधारला जोडलेली असते, पैसेही आधारवरूनच येतात. इथली चूक पुढच्या प्रत्येक कागदावर छापली जाते.

आधार, शिधापत्रिका, पासबुक आणि शाळेचा दाखला जमिनीवर शेजारी शेजारी ठेवा आणि बोट फिरवत नाव वाचा. आमच्या शेजारच्या मावशींचं आधारवर एक नाव, शिधापत्रिकेवर त्याच नावापुढे "बाई", आणि पासबुकात माहेरचं आडनाव. माणूस एकच, कागदांवर बायका तीन. त्यांचा अर्ज सात महिने पडून होता आणि कारण कुणीच सांगत नव्हतं. शेवटी एका कारकुनाने पासबुकावरच्या आडनावावर पेन टेकवला तेव्हा उलगडा झाला.

दुरुस्ती करताना कुठला कागद खरा धरायचा ते आधी ठरवा. आधारवरचं नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं आणि जन्मतारीख एकदाच. म्हणून घाईत केंद्रावर जाऊन "असंच लिहा" म्हणू नका. कागदावर मराठी आणि इंग्रजी दोन्ही लिपींत नाव लिहून न्या आणि पावती छापण्याआधी पडद्यावर स्वतः वाचा.

बोटं नसतील, बोटांचे ठसे उमटत नसतील किंवा डोळ्यांचं स्कॅन होत नसेल, तर आधार केंद्रावर बायोमेट्रिक अपवाद म्हणून नोंदणी होते. "ठसा येत नाही, आधार होणार नाही" असं कुणी सांगितलं तर परत फिरू नका, केंद्रचालकाला अपवादाची नोंद करायला सांगा.

मोबाइल क्रमांकही आत्ताच जोडून घ्या. तो घरातल्याच माणसाचा असावा. एजंटचा क्रमांक जोडलेला असेल तर तुमचे सगळे ओटीपी त्याच्या हातात जातात.

## टप्पा ३: यूडीआयडी, म्हणजे दिव्यांग प्रमाणपत्र आणि ओळखपत्र

सगळ्यात जास्त वेळ इथे लागतो, म्हणून उत्पन्नाच्या दाखल्याआधी हे उरका.

अर्ज. केंद्राच्या स्वावलंबन पोर्टलवर अर्ज होतो. त्याला शुल्क नाही. सेतू किंवा सीएससी केंद्रात भरून घेतलात तर फक्त त्यांचा सेवा आकार द्यावा लागतो. आधार, फोटो, पत्त्याचा पुरावा आणि उपचारांचे कागद जवळ ठेवा. रुग्णालय निवडताना राहत्या जिल्ह्यातलं अधिकृत रुग्णालय घ्या. तुमचे उपचार जिथे झाले किंवा चालू आहेत त्या रुग्णालयाकडेही अर्ज करता येतो, पण त्याला प्रमाणपत्र देण्याचे अधिकार आहेत का ते आधी विचारा.

अर्ज भरताच एक नोंदणी क्रमांक मिळतो. तो यूडीआयडी क्रमांक नव्हे. तपासणी होऊन प्रमाणपत्र मंजूर झाल्यावर जो १८ अक्षर-आकड्यांचा क्रमांक येतो, तो यूडीआयडी. तहसीलच्या फॉर्ममध्ये नोंदणी क्रमांक लिहिलेले अर्ज मी स्वतः परत येताना पाहिले आहेत.

हाताने लिहिलेलं किंवा जुन्या पद्धतीचं प्रमाणपत्र असेल तर पोर्टलवर तशी नोंद करून ते अपलोड करता येतं. काहींना त्यावर थेट कार्ड मिळतं, काहींना पुन्हा तपासणीला बोलावतात. बोलावलं तर जा.

तपासणीच्या दिवशी. दिव्यांग मंडळ ठरावीक वारी बसतं आणि डोळे, कान, हाडं, मानसिक आजार यांचे वार वेगवेगळे असू शकतात. आदल्या दिवशी फोन करून वार विचारा. सोबत न्यायचं:

- जुनी डिस्चार्ज कार्डं, सगळ्यात जुनं वर
- एक्स-रे आणि एमआरआयच्या फिल्म, नुसते अहवाल नव्हेत
- कानांसाठी ऑडिओग्राम, डोळ्यांसाठी नेत्रतज्ज्ञाचे कागद
- वापरात असेल ते साधन: कॅलिपर, कुबडी, कृत्रिम पाय, श्रवणयंत्र
- मूळ आधार आणि नोंदणी क्रमांकाची पावती

डॉक्टरांशी बोलताना आपल्या लोकांची एक सवय आड येते. विचारलं की "जमतं ना?", माणूस म्हणतो, "हो, जमतं." एका आजोबांबरोबर मी गेलो होतो. त्यांना शर्टाची बटणं लावता येतात का असं विचारलं आणि ते "हो" म्हणाले. घरी रोज सकाळी त्यांची बटणं सून लावते आणि ते मान वळवून भिंतीकडे बघत राहतात. ते "हो" लाजेतून आलं होतं. जे जमत नाही ते सांगा, जे दुसऱ्याच्या मदतीने जमतं तेही सांगा. मानसिक आजाराचं मूल्यमापन तर स्वतःची काळजी, माणसांशी वागणं, बोलणं-समजणं आणि कामधंदा यांवरच होतं. तिथे रोज सोबत राहणारं माणूस बरोबर असलंच पाहिजे.

वाढवूनही सांगू नका. सांध्यांची हालचाल, स्नायूंची ताकद, ऐकू येण्याची पातळी मोजली जाते. घरची गरिबी तिथे मोजली जात नाही, आणि डॉक्टरांपुढे ती कितीही मांडली तरी टक्का वाढत नाही.

एकापेक्षा जास्त दिव्यांगत्व असेल तर. टक्के सरळ बेरजेने धरत नाहीत. मोठा टक्का 'क' आणि लहान 'ख' असेल, तर सूत्र असं: क + ख × (९० − क) ÷ ९०. एका डोळ्याचे ३० टक्के आणि पायाचे २० टक्के असतील तर बेरीज ५० नाही. ३० + २० × ६० ÷ ९०, म्हणजे सुमारे ४३. पण ४३ हा आकडा ४०च्या वर आहे! फक्त डोळा दाखवून ३० टक्क्यांवर परत आलेला हा माणूस पाय दाखवला असता तर पात्र ठरला असता. म्हणून अर्जात असलेले सगळे प्रकार नोंदवा आणि प्रत्येक विभागात तपासणी करून घ्या, दुसऱ्यांदा यावं लागलं तरी.

कार्ड हातात आल्यावर लगेच पाहा. टक्का किती? पट्टीचा रंग पांढरा असेल तर ४०च्या खाली, पिवळा ४० ते ८०च्या मधला, निळा ८० आणि वर. प्रमाणपत्र कायमचं आहे की तात्पुरतं? आजार बदलता असेल तर तात्पुरतं देतात आणि त्यावर मुदत असते. ती तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर आत्ताच लिहा, निदान तीन महिने आधीच्या पानावर. मुदत संपली की निवृत्तीवेतन अडकतं आणि मंडळाची तारीख लगेच मिळत नाही.

टक्का चुकला असं वाटत असेल तर निर्णयापासून ९० दिवसांत अपील करता येतं. अपील प्राधिकरण कोणतं हे त्याच रुग्णालयात लेखी विचारा. अपिलाला नवा पुरावा जोडा. नुसतं "अन्याय झाला" लिहून काही हलत नाही.

## टप्पा ४: बँक खातं

पैसे आता थेट लाभ हस्तांतरणाने, म्हणजे डीबीटीने येतात. त्यात खाते क्रमांकापेक्षा आधार कोणत्या बँकेला जोडलेलं आहे हे महत्त्वाचं असतं.

इथे दोन गोष्टींची गल्लत होते. बँकेत आधारची झेरॉक्स देणं म्हणजे केवायसी. आधार त्या खात्याशी डीबीटीसाठी जोडणं हे वेगळं काम, त्याचा फॉर्मही वेगळा असतो आणि सही केल्याशिवाय ते होत नाही. बँकेत "आधार दिलंय" म्हणालात तर समोरचा मान डोलावेल. "डीबीटीसाठी आधार सीडिंग झालंय का?" असा प्रश्न विचारा.

एका वेळी आधार एकाच बँकेला जोडलेलं राहतं. मधे कुणी शून्य शिल्लक खातं काढून दिलं असेल, तर सीडिंग नकळत तिकडे सरकलेलं असतं आणि पैसे तिकडे जातात. माय आधार पोर्टलवर ओटीपी टाकून कोणती बँक जोडली आहे ते दिसतं.

तपासा: दोन वर्षं व्यवहार न झालेलं खातं बँक निष्क्रिय धरते. शंभर रुपये भरून, शंभर काढून आणि पासबुक छापून ते चालू असल्याची खात्री करा. अठरा वर्षांखालच्या मुलाचं खातं पालकांबरोबर असेल तर मुलाचंच आधार जोडलेलं आहे ना, ते बघा.

## टप्पा ५: उत्पन्न, रहिवास आणि वय

यूडीआयडी आणि बँक पक्की झाल्यावरच तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला काढा. दाखल्यावर वैधतेची तारीख ३१ मार्च असते. फेब्रुवारीत काढलेला दाखला दीड-दोन महिनेच चालतो. घाई नसेल तर एप्रिलमध्ये काढा, पूर्ण वर्ष वापरता येतो.

दाखल्यासाठी तलाठ्याचा अहवाल लागतो. (आता हुद्द्याचं नाव ग्राम महसूल अधिकारी झालं आहे, पण गावात तलाठीच म्हणतात.) उत्पन्नाचा दाखला महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली येतो, त्यामुळे अर्जाची पावती घ्या आणि मुदत उलटली तर पहिलं अपील करा. दारिद्र्यरेषेखालच्या यादीत नाव असेल तर त्या यादीचा साक्षांकित उताराही चालतो, आणि केंद्राच्या योजनांसाठी तर तोच लागतो. केशरी किंवा पिवळी शिधापत्रिका म्हणजे दारिद्र्यरेषेच्या यादीतला क्रमांक नव्हे. तो क्रमांक ग्रामपंचायत किंवा नगरपालिकेत विचारून लिहून घ्या.

वयासाठी जन्मनोंद किंवा शाळा सोडल्याचा दाखला उत्तम. आधार हा ओळखीचा पुरावा आहे, जन्मतारखेचा नव्हे. दोन्ही नसतील तर शिधापत्रिका किंवा मतदार यादीतला वयाचा उतारा, आणि तेही नसेल तर ग्रामीण रुग्णालयाच्या वैद्यकीय अधीक्षकाचा किंवा त्यांच्या वरच्या अधिकाऱ्याचा वयाचा दाखला. श्रावणबाळ योजनेत हा कागद सगळ्यात आधी बघितला जातो.

रहिवासाचा दाखला त्याच फेरीत काढून घ्या.

## टप्पा ६: अर्ज देणं

अर्ज तहसील कार्यालयात, सेतू केंद्रात किंवा आपले सरकार सेवा केंद्रात द्यायचा. जोडायचा गठ्ठा असा लावा, म्हणजे तपासणाऱ्याला शोधावं लागत नाही:

१. भरलेला अर्ज, फोटोसह
२. आधार
३. यूडीआयडी कार्ड आणि प्रमाणपत्र, दोन्ही
४. उत्पन्नाचा दाखला
५. रहिवासाचा दाखला
६. वयाचा पुरावा
७. शिधापत्रिका, पहिलं आणि शेवटचं पान
८. पासबुकाचं पहिलं पान

प्रत्येक झेरॉक्सवर सही किंवा अंगठा, आणि अंगठ्याशेजारी ज्याच्यासमोर तो घेतला त्याची सही. अर्जातला "गट" हा रकाना रिकामा सोडू नका. तिथे दिव्यांग लिहा, तुम्ही विधवा किंवा परित्यक्ता असलात तरी.

गठ्ठ्याची दुसरी प्रत करा आणि तिच्यावर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्या. ऑनलाइन भरला असेल तर पोच छापून घ्या. "शिक्क्याची काय गरज, आम्ही बघतो" असं ऐकलं तरी जागा सोडू नका. शिक्का नसेल तर सहा महिन्यांनी तुमचा अर्ज आलाच नव्हता असं ऐकावं लागतं. हे माझ्या डोळ्यांसमोर घडलं आहे, आणि समोर उभी असलेली बाई चाळीस किलोमीटरवरून, दोन बस बदलून, कुबडीवर आली होती.

थांबा: मंजुरीसाठी कुणालाही पैसे द्यायचे नाहीत. "समितीत आपला माणूस आहे" म्हणणाऱ्याला मूळ कागद तर मुळीच देऊ नका.

## टप्पा ७: चौकशी आणि समिती

अर्जाची गावपातळीवर चौकशी होते आणि मग तो तालुक्याच्या संजय गांधी निराधार अनुदान योजना समितीपुढे जातो. तहसीलदार तिचे सदस्य सचिव असतात. बैठक झाल्याशिवाय मंजुरी नाही, म्हणून अर्ज देतानाच पुढची बैठक कधी हे विचारून ठेवा.

चौकशीला माणूस येतो तेव्हा लाभार्थी घरात असावा. कामासाठी दुसऱ्या गावी किंवा मुलीकडे गेलात आणि "मिळून आले नाहीत" असा शेरा पडला, तर अर्ज तिथेच बसतो. जायचंच असेल तर शेजाऱ्याकडे फोन नंबर ठेवा.

अर्ज नामंजूर झाला तर कारण लेखी मागा. तोंडी कारणावर धावू नका. कागदातली त्रुटी असेल तर ती भरून पुन्हा अर्ज करा. कारणच मिळत नसेल तर माहिती अधिकारात साधा प्रश्न विचारा: "अमुक आवक क्रमांकाच्या अर्जावर काय कार्यवाही झाली, टिपणीची प्रत द्यावी." ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं, आणि अनेकदा त्या पत्रानेच फाईल जागची हलते. त्यानेही भागलं नाही तर महिन्याच्या पहिल्या सोमवारी जिल्हाधिकारी कार्यालयात लोकशाही दिन, म्हणजे लोकांच्या तक्रारी ऐकण्याचा दिवस, असतो. निवेदन आधी नियमानुसार दिलेलं लागतं, म्हणून पद्धत विचारून जा.

## टप्पा ८: मंजूर झालं, पण पैसे नाहीत

लोक अशा वेळी थेट तहसीलमध्ये जाऊन भांडतात. आधी बँक, मग तहसील, हा क्रम ठेवा.

पासबुक छापा. पैसे दोन-तीन महिन्यांचे एकदम आलेले असू शकतात, मोबाइलवर संदेश आलाच असेल असं नाही. मग आधार कोणत्या बँकेला जोडलंय ते बघा आणि त्या बँकेचंही पासबुक छापा. "पैसे आलेच नाहीत" म्हणणाऱ्या काहींचे पैसे दुसऱ्या खात्यात निवांत पडलेले सापडतात. दोन्हीकडे नसतील तर तहसीलमध्ये जाऊन विचारा की डीबीटी यादीत नाव आहे का, आधार पडताळणी झाली आहे का, व्यवहार परत गेला असेल तर कारण काय दाखवतंय. हे कारण कागदावर लिहून घ्या. बँकेच्या टेबलावर तो शब्द जसाच्या तसा वाचून दाखवला की काम होतं.

## टप्पा ९: दरवर्षीचं काम

हयातीचा दाखला दरवर्षी द्यावा लागतो. तहसील सांगेल त्या मुदतीत द्या आणि पोच घ्या. उत्पन्नाचा नवा दाखला मागितला तर तोही त्याच वेळी. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला पाठीवर उचलून न्यायच्या आधी फोन करा आणि घरी पडताळणीसाठी लेखी विनंती द्या. पत्ता किंवा बँक बदलली, दिव्यांगत्वाचा टक्का बदलला, लाभार्थीचा मृत्यू झाला, तर लगेच कळवा. मृत्यूनंतर खात्यात आलेले पैसे काढले तर ते घरच्यांकडून वसूल होतात.

६५ वर्षं पूर्ण होताना संजय गांधीतली नोंद श्रावणबाळमध्ये जाते. त्या वाढदिवसाच्या दोन महिने आधी वयाचा पुरावा आणि यूडीआयडीची प्रत घेऊन तहसीलमध्ये जा आणि नव्या नोंदीतही गट "दिव्यांग"च राहतोय ना, हे पडद्यावर स्वतः बघून या. नोंद सरकताना गट नुसता "वृद्ध" झाला, तर पुढच्या महिन्यात २५००च्या जागी १५०० येतील.